मी कॉम्प्युटर होते

नोव्हेंबर लागला की आत्याला हयातीचा दाखला द्यायला घेऊन जायचं काम माझ्याकडे असतं. त्या सकाळी बँकेत पेन्शनरांची मोठी रांग होती. स्वेटरांना डांबराच्या गोळ्यांचा वास, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले कागद, आणि यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून पुन्हा पुन्हा पदराला किंवा शर्टाला बोटं पुसणारी माणसं. आत्याचाही अंगठा उमटेना. काउंटरवरचा मुलगा धीराचा होता, चिडला नाही. आधार कार्ड शोधताना आत्याच्या पिशवीतून तिच्या पहिल्या नेमणुकीचा हुकूम बाहेर आला. पिवळा पडलेला, घड्यांवर चिरलेला, टाइपरायटरवर काढलेला. मुलानं तो सहज वाचला आणि म्हणाला, "आजी, इथं पदासमोर नुसतंच कॉम्प्युटर लिहिलंय. पुढचं ऑपरेटर राहून गेलंय." आत्या म्हणाली, "राहून नाही गेलं रे. मी कॉम्प्युटर होते." तो हसला. शेजारच्या खिडकीतली मुलगीही हसली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, आजी गमतीच्या आहेत एवढंच त्यांना वाटलं असणार. आत्यानं हुकूम परत घडीवर घडी करून पिशवीत ठेवला.

ती गंमत करत नव्हती.

पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत, सांख्यिकीच्या विभागात, ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला लागली तेव्हा त्या पदाचं नावच ते होतं. शेतीची पीकपाहणी, धान्याचे बाजारभाव, जन्ममृत्यूच्या नोंदी असे कुठून कुठून आलेले आकडे तिच्या टेबलावर यायचे आणि ती त्यांच्या बेरजा, सरासऱ्या, टक्केवाऱ्या काढायची. टेबलावर फॅसिटचं हातयंत्र असायचं. मी लहानपणी सुट्टीत कधी कधी तिच्याबरोबर जायचे तेव्हाचा त्या यंत्राचा आवाज मला अजून आठवतो. आकडे दाबायचे, उजव्या हातानं दांडा फिरवायचा, खर्रर्र, पुन्हा खर्रर्र, एक घर सरकवायचं, पुन्हा फिरवायचं. भागाकारात एक फेरा जास्त झाला की घंटी वाजायची आणि मग दांडा एकदा उलटा. अख्ख्या खोलीत हे असे सहा-सात दांडे फिरत असायचे, वर पंखा, खाली तेलाचा आणि कार्बन पेपरचा वास, आणि डब्यातल्या लसणाच्या चटणीचा. सगळ्यात अपूर्वाई मला वाटायची ती दुपारच्या वाचनाची. एकच तक्ता दोन जणींनी एकमेकींना न दाखवता वेगवेगळा केलेला असायचा, आणि मग दोघी समोरासमोर बसून तो मोठ्यानं वाचायच्या. एक म्हणायची, "चार शून्य सात, दोन नऊ." दुसरी म्हणायची, "हं." तो "हं" आला नाही की दोघींच्या पेन्सिली थांबायच्या. आजोबांनी आत्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेतले होते. दांडा फिरवण्याआधीच उत्तर साधारण कुठं जाणार हे तिला कळायचं, आणि यंत्राचं उत्तर त्याच्या आसपास आलं नाही तर ती यंत्रावर विश्वास ठेवायची नाही. 'आम्ही कॉम्प्युटर' असं त्या बायका अगदी सहज म्हणायच्या. शिक्षिका, नर्स, टायपिस्ट म्हणावं तसंच.

नंतर कधीतरी, मी कॉलेजात असताना, त्या खोलीत खरोखरचे कॉम्प्युटर आले आणि या बायकांच्या पदांची नावं बदलली. कुणाची नोकरी गेली नाही. पगारही थोडा वाढलाच. आत्या निवृत्त झाली ती 'सहायक' म्हणून. त्या बदलाबद्दल तिनं कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवशी बँकेतून परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती आणि मधेच म्हणाली, "हसण्यासारखं काय होतं गं त्यात?" मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून या शब्दाच्या मागे मी जात राहिले आहे.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, 'कॉम्प्युतारे'. त्यातला 'कॉम' म्हणजे एकत्र, आणि 'पुतारे' या क्रियापदाचा जुना अर्थ छाटणं, साफ करणं. द्राक्षाच्या वेलीची छाटणी करायला रोमन लोक हेच क्रियापद वापरत. हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रियेला इंग्रजीत जो शब्द आहे, 'ॲम्प्युटेशन', त्यातही तेच बसलं आहे. वेल छाटण्यावरून ते हिशेब साफ करण्याकडे गेलं, हिशेब चुकता करण्यावरून पारखण्याकडे, आणि तिथून विचार करण्याकडे. हा प्रवास मला फार आवडतो, कारण त्यात मोजणं आणि विचार करणं ही एकाच हाताची कामं आहेत. हेच लॅटिन क्रियापद फ्रेंचमधून झिजत आलं तेव्हा त्याचा 'काउंट' झाला, 'अकाउंट' झाला. मध्ययुगात युरोपातल्या मठांमध्ये 'कॉम्प्युतुस' नावाची एक विद्याच होती, दरवर्षी ईस्टर कोणत्या रविवारी येणार हे काढण्याची. ईस्टर वसंतसंपात आणि पौर्णिमा यांवर ठरतो, म्हणजे सूर्य आणि चंद्र दोघांचीही गणितं जुळवायची. आपल्याकडे अधिक महिना कधी धरायचा याची जी डोकेफोड, तीच. इंग्लंडमधल्या बीड नावाच्या साधूनं इसवी सन ७२५ मध्ये या कालगणनेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्यासारखी माणसं मेणबत्तीच्या उजेडात बोटांवर चंद्राची वर्षं मोजत बसलेली मी डोळ्यांसमोर आणते.

इंग्रजीत 'कॉम्प्युटर' हा शब्द छापलेला सापडतो तो १६१३ मध्ये, रिचर्ड ब्रॅथवेटच्या लिखाणात. काळाचा सगळ्यात अचूक गणक, माणसाचे दिवस मोजून त्यांना छोट्याशा संख्येत आणणारा, अशा अर्थानं. तिथून पुढे तीनशेहून जास्त वर्षं हा शब्द माणसाचाच होता. बेकर, टीचर, तसा कॉम्प्युटर. जो ते काम करतो तो.

किंवा ती.

लडलो नावाच्या इंग्लिश गावातल्या मेरी एडवर्ड्सची गोष्ट मी आत्याला सांगितली तेव्हा ती उठून बसली. ब्रिटनचे राजज्योतिषी नेव्हिल मास्कलिन यांनी खलाशांसाठी १७६७ पासून 'नॉटिकल अल्मनॅक' काढायला सुरुवात केली. भर समुद्रात आपण कुठे आहोत हे चंद्राच्या स्थानावरून काढता यावं म्हणून त्यात वर्षभराच्या चंद्राची जागा आगाऊ गणून दिलेली असे. हे गणित ग्रीनिचला बसून होत नव्हतं. खेड्यापाड्यांतले शिक्षक, पाद्री, भूमापक यांना टपालानं काम पाठवलं जाई आणि ते घरी बसून महिन्यामागून महिना गणून पाठवत. एकच महिना दोघांना द्यायचा आणि तिसऱ्यानं दोन्ही कागद ताडून पाहायचे. (आत्या इथं म्हणाली, "बघ, आमचंच!") एकदा दोन कॉम्प्युटर एकमेकांचं उतरवताना पकडलेही गेले. लडलोला हे काम जॉन एडवर्ड्स या पाद्रीच्या नावावर होतं. १७८४ मध्ये तो वारला, आणि मग त्याच्या विधवेनं मास्कलिनला कळवलं की काम चालू ठेवता आलं तर बरं होईल, कारण इतकी वर्षं ते बहुतेक तीच करत होती. मास्कलिननं ते चालू ठेवलं. पुढे १८१५ मध्ये मरेपर्यंत मेरी चंद्र गणत राहिली, तिच्याकडे शिकलेली मुलगी एलायझाही कॉम्प्युटर झाली. मग १८३२ च्या सुमाराला हे सगळं काम लंडनच्या एका कचेरीत आणलं गेलं, सरकारी नोकरीत बायकांना जागा नव्हती, आणि एलायझाचं काम थांबलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर ज्यांनी भर समुद्रातल्या जहाजांना वाट दाखवली, त्या मायलेकींना समुद्र किती वेळा पाहायला मिळाला असेल असं माझ्या मनात येत राहतं. लडलो किनाऱ्यापासून बरंच आत आहे.

अठराव्या शतकाच्या शेवटाला मात्र या शब्दाच्या वाट्याला काहीतरी आलं, आणि मला वाटतं आत्याच्या त्या प्रश्नाची सुरुवात तिथं आहे. क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी या अभियंत्यावर लॉगॅरिदमची, म्हणजे मोठे गुणाकार बेरजेवर आणणाऱ्या आकड्यांची, प्रचंड कोष्टकं तयार करायची जबाबदारी आली. कारखान्यातल्या कामाची वाटणी त्यानं गणिताला लावली. वर मूठभर मोठे गणिती, ते सूत्रं ठरवणार. मध्ये काही जाणकार, ते सूत्रांचे आकडे पाडणार. आणि खाली साठ-ऐंशी माणसं, ज्यांना फक्त बेरीज-वजाबाकी येणं पुरे. त्यांत कितीतरी न्हावी होते असं सांगतात. ज्यांच्या डोक्यांवर ते उंच केशरचना उभारायचे ती डोकीच गिलोटिनखाली गेली होती. खालच्या माणसाला आपण काय काढतोय हे समजायची गरज नाही, उलट न समजणाराच कमी चुका करतो, असं या व्यवस्थेबद्दल कौतुकानं सांगितलं जाई. इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. १८२१ मध्ये मित्राबरोबर असेच दोन कॉम्प्युटरांनी केलेले खगोलाचे तक्ते ताडताना चुकांमागून चुका निघाल्या तेव्हा, हे सगळं वाफेच्या यंत्रावर करता आलं असतं तर, असे उद्गार त्यानं काढले. यंत्राची कल्पना तिथून धावू लागली. बॅबेज आपल्या यंत्राला 'इंजिन' म्हणायचा. कॉम्प्युटर हा शब्द अजून माणसांकडेच होता, पण तो आता अशा माणसांचा झाला होता ज्यांच्याकडून विचाराची अपेक्षा नाही. द्राक्षाच्या वेलीपासून विचारापर्यंत चालत आलेल्या शब्दातून विचार काढून घेतला गेला. यंत्रानं तो शब्द उचलण्याच्या कितीतरी आधी.

आणि ही अपेक्षा खोटी होती, हे मला ठासून सांगायचं आहे. हॅलेचा धूमकेतू कधी परतणार याचं गणित १७५७ च्या उन्हाळ्यापासून पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत पॅरिसमध्ये तिघांनी केलं: क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत. लालांदनं नंतर लिहून ठेवलं की सहा महिने ते सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी कधी जेवताना सुद्धा आकडे मांडत होते, आणि लपोतबाई नसत्या तर एवढं अंगावर घ्यायची हिंमतच झाली नसती. गुरू आणि शनी या धूमकेतूला किती मागे ओढतात हे अंशाअंशानं काढायचं होतं. त्यांनी सांगितलं, सूर्याच्या सगळ्यात जवळ तो १७५९ च्या एप्रिलच्या मध्याला येईल, महिनाभर इकडेतिकडे. तो आला १३ मार्चला. क्लेरोनं पुढे ग्रंथ छापला तेव्हा त्यातून लपोतचा उल्लेख गाळला. हार्वर्डच्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंगनं काचेच्या फोटोपट्ट्या वाचायला बायका नेमल्या, तासाला पंचवीस सेंटच्या आसपास मजुरीवर. त्यांच्या हुद्द्याचं नाव कॉम्प्युटरच. विल्यमिना फ्लेमिंग त्याच्याकडे आधी मोलकरीण होती. हेन्रिएटा लेव्हिटला ऐकायला कमी येई, ती भिंगाखाली हजारो ताऱ्यांची चमक मोजत असे, आणि तिनं १९१२ मध्ये दाखवून दिलं की काही ताऱ्यांच्या लुकलुकण्याच्या कालावधीवरून त्यांचं खरं तेज कळतं. विश्व किती मोठं आहे हे मोजायची पट्टी त्यातून हाती आली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं होतं, मोजा. १९२५ मध्ये मिताग-लेफ्लर या स्वीडिश गणितज्ञाला तिचं नाव नोबेलसाठी सुचवायचं होतं. त्यानं चौकशी केली तेव्हा कळलं, तिला जाऊन तीन वर्षं उलटून गेली आहेत.

ॲलन ट्यूरिंग या इंग्लिश गणितज्ञाचा १९३६ मधला तो प्रसिद्ध निबंध मी वाचायला घेतला तो वेगळ्याच कारणानं. त्यातलं अवघड गणित मला झेपत नाही. पण मधे काही पानं आहेत ती कुणीही वाचावीत. आजच्या यंत्राचा पाया त्या निबंधात आहे असं म्हणतात, आणि तिथं कॉम्प्युटर हा शब्द येतो तो माणसासाठी. त्याचं सर्वनाम 'तो' असं आहे, त्याला मन आहे, मनाची अवस्था आहे. तो मुलांच्या गणिताच्या वहीसारख्या चौकटींच्या कागदावर लिहितो. आणि ट्यूरिंग म्हणतो, हा कॉम्प्युटर कधीही काम अर्धवट टाकून उठू शकतो, निघून जाऊ शकतो, सगळं विसरूनही जाऊ शकतो आणि नंतर येऊन पुढे सुरू करू शकतो. फक्त जाताना त्यानं एक चिठ्ठी लिहून ठेवायला हवी, पुढे काय करायचं याची. हे वाचलं आणि मी पुस्तक खाली ठेवलं. आत्याच्या टेबलावर, फॅसिटच्या दांड्याला, रबरबँडनं अशी चिठ्ठी लावलेली असायची. जेवायला उठताना, रजेवर जाताना, एकदा बाळंतपणाला जाताना: 'रकाना ९ झाला. १० मध्ये खानदेशचे आकडे दोनदा पाहणे.' ट्यूरिंगनं त्या चिठ्ठीतून यंत्र काढलं. पुढच्या टप्प्यावर काय करायचं ते सांगणारी चिठ्ठी असेल तर चिठ्ठी वाचणाऱ्याला आधीचं काही आठवायची गरज नाही, आणि ज्याला आठवायची गरज नाही ते काम दांडा-चाकांनाही जमेल. एवढी मोठी गोष्ट त्यानं जेवायला उठणाऱ्या माणसाकडे बघून सुचवली, याचं मला अपार अप्रूप वाटतं.

त्याच ट्यूरिंगनं १९५० मध्ये दुसरा निबंध लिहिला, यंत्राला विचार करता येईल का यावर. तिथं यंत्र 'डिजिटल कॉम्प्युटर' आहे, आणि माणूस आहे 'ह्यूमन कॉम्प्युटर'. चौदा वर्षांत माणसाला विशेषण लागलं. मध्ये महायुद्ध झालं होतं. तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टकं करायला अमेरिकेच्या लष्करानं फिलाडेल्फियात गणित शिकलेल्या मुली कॉम्प्युटर म्हणून घेतल्या होत्या, आणि त्यांच्यातल्याच सहा जणींना एनिॲक नावाच्या नव्या यंत्राला काम शिकवायला नेमलं. वायरी कुठून कुठे जोडायच्या, खटके कसे लावायचे हे त्यांनी आराखड्यांवरून स्वतः शोधून काढलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्र जगाला दाखवलं तेव्हा त्यावर चालवलेलं गणित त्यांनी बसवलेलं होतं. त्या रात्रीच्या मेजवानीला त्यांना बोलावणं नव्हतं, आणि यंत्राशेजारच्या त्यांच्या फोटोंकडे पाहून लोक कितीतरी वर्षं समजत राहिले की या फोटोसाठी उभ्या केलेल्या मुली आहेत. पुढे यंत्राचं विशेषण गळलं, माणसाचं राहिलं. आपल्या शकुंतलादेवींनी १९८० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तेरा-तेरा आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला आणि सगळ्या वर्तमानपत्रांनी त्यांना मानवी संगणक म्हटलं. ते कौतुकच होतं. पण शंभर वर्षांपूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मानवी नसलेला कोणता?

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस नावाचा चौक आहे. बस तिथं थांबते, रिक्षावाले तेच नाव सांगतात. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं म्हणून हे नाव. सिमल्यात असताना या खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर, केंब्रिजचे गणितज्ञ. मान्सूनचा अंदाज बांधता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या ठिकाणांचा हवेचा दाब, पाऊस, नद्यांचे पूर एकमेकांशी ताडून पाहिले, आणि त्यातून प्रशांत महासागराच्या दोन टोकांमधला दाबाचा झोका त्यांना सापडला. आज एल निनोच्या बातम्या आपण वाचतो त्यांचा हा अर्धा भाग. हे ताळे हातांनी घातलेले होते, भारतीय कारकुनांच्या हातांनी. आत्या रोज त्या चौकावरून कचेरीत जायची. आणि त्याहून जुनं आपलं घरचं उदाहरण केरूनाना छत्र्यांचं. अलिबागजवळच्या नागावचा मुलगा, मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत अगदी तरुणपणी सहायक म्हणून लागला, तिथल्या नोंदी आणि गणितं करता करता ज्योतिषात एवढा मुरला की १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत लिहिली. आपल्या पंचांगांमधले ग्रह आभाळातल्या ग्रहांशी जुळावेत यासाठी तो ग्रंथ होता. पुढे टिळकांसारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकले. वेधशाळेत लागलेल्या पोरानं फक्त नोंदी कराव्यात एवढीच अपेक्षा असणार. नानांनी त्या नोंदींतून मराठी माणसाला आकाश दिलं.

या सगळ्यांत मला सगळ्यात जवळचे वाटतात ते राधानाथ सिकदार. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेला हा मुलगा १८३१ मध्ये ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेमध्ये, म्हणजे हिंदुस्थानची जमीन मोजणाऱ्या सरकारी खात्यात, कॉम्प्युटर म्हणून लागला. खात्याचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट त्याच्या गणितावर इतका खूश होता की दुसऱ्या खात्यात जाऊ देईना. पुढे सिकदार कलकत्त्याला मुख्य कॉम्प्युटर झाले. हिमालयातल्या पंधरा नंबरच्या शिखराचे वेध तराईच्या मैदानातून, शंभरेक मैलांवरून घेतलेले होते. एवढ्या अंतरावरून येणारा प्रकाश हवेत वाकतो, थंडीत वेगळा आणि उन्हात वेगळा, पृथ्वीची गोलाई असते ती निराळीच. हे सगळं वजा करत करत १८५२ मध्ये उंची निघाली, २९,००२ फूट. आजच्या ८,८४८.८६ मीटरपेक्षा फक्त नऊ मीटर कमी. शिखराला १८६५ मध्ये नाव मिळालं एव्हरेस्टचं. ते आपल्याला सगळ्यांना शाळेपासून ठाऊक आहे आणि त्यावरची हळहळही ठाऊक आहे, म्हणून त्यावर मी थांबत नाही. मला दुसरंच सांगायचं आहे. सर्वेक्षणाच्या पुस्तिकेत, १८५१ च्या आवृत्तीत, अवघड गणिताचे भाग बाबू राधानाथ सिकदारांनी लिहिल्याचं प्रस्तावनेत स्वच्छ म्हटलेलं होतं. ते १८७० मध्ये वारले. १८७५ च्या आवृत्तीत मजकूर तोच राहिला आणि नाव गेलं. 'फ्रेंड ऑफ इंडिया' या पत्रानं याला मेलेल्यावर घातलेला दरोडा म्हटलं. म्हणजे त्याही काळी कुणाला तरी ते खुपलं होतं, हे वाचून मला बरं वाटलं.

देहरादूनला असताना, १८४३ मध्ये, तिथल्या इंग्रज मॅजिस्ट्रेटनं सर्वेक्षणाच्या हमालांना आपल्या खासगी कामाला फुकट राबवलं, तेव्हा सिकदार आडवे उभे राहिले. प्रकरण कोर्टात गेलं आणि त्यांना दोनशे रुपये दंड झाला. दंड भरला, म्हणणं सोडलं नाही. आणि शिखराच्या गणितानंतर दोनच वर्षांनी, १८५४ मध्ये, कलकत्त्यात मुख्य कॉम्प्युटर असतानाच, प्यारीचाँद मित्र या मित्राबरोबर त्यांनी बंगालीत 'मासिक पत्रिका' नावाचं छोटंसं मासिक काढलं. संस्कृतानं जड झालेली बंगाली घरातल्या बायकांना वाचता येत नाही, म्हणून. अंकावर निवेदन छापलेलं असे. हे मासिक सामान्य लोकांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी छापलं जात आहे, आपण रोज ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत यातलं सगळं लिहिलं जाईल, विद्वान पंडितांना वाचायचं असेल तर त्यांनी वाचावं, पण त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही.